कर्नल, केबल आणि पुणे

मंडळी, या वीकेंडला थोडा इतिहास. राजेरजवाड्यांचा नाही, एका केबलचा आणि एका पॅचचा.

साध्या प्रोग्रॅममध्ये बग आला की आपण डीबगर लावतो, ब्रेकपॉइंट टाकतो आणि चहा पीत निवांत व्हेरिएबल्स बघत बसतो. हे जमतं, कारण आपला प्रोग्रॅम थांबला तरी त्याच्याखाली कर्नल चालूच असतो. तोच डीबगरला चालवतो, स्क्रीनवर अक्षरं काढतो, कीबोर्डचं ऐकतो. पण बग कर्नलमध्येच असेल तर? कर्नल थांबवला की डीबगरही थांबला. बसलेल्या फांदीवरच कुऱ्हाड!

म्हणून दोन मशीन घ्यायची. एकावर बिघडलेला कर्नल, दुसऱ्यावर जीडीबी, आणि मध्ये सीरियल केबल. थांबणाऱ्या कर्नलमध्ये फक्त एक छोटासा तुकडा जागा ठेवायचा, त्याला स्टब म्हणतात. सोर्स कोड, फंक्शनची नावं, सगळी अक्कल जीडीबीकडे. स्टबला जेमतेम कामं येतात: रजिस्टर दाखव, मेमरी वाच, मेमरी लिही, एक पाऊल पुढे जा, सुटू दे. बोलणंही अगदी बाळबोध. डॉलरचं चिन्ह, मग निरोप, मग हॅश आणि दोन आकडी चेकसम. निरोप नीट पोचला तर समोरून अधिकचं चिन्ह येतं, नाहीतर उण्याचं. एक्स८६ वर ब्रेकपॉइंट म्हणजे सूचनेच्या पहिल्या बाइटच्या जागी ०xसीसी लिहायचं. प्रोसेसर तिथे आला की ठेचकाळतो आणि स्टब जागा होतो. एकापेक्षा जास्त सीपीयू असतील तर बाकीच्यांनाही धरून थांबवावं लागतं, नाहीतर आपण मेमरी वाचत असताना शेजारचा ती बदलत बसेल. खरी डोकेदुखी इथे आहे.

आता प्रश्न, सीरियलच का? आरएस-२३२ हे स्टँडर्ड १९६० सालचं, टर्मिनल आणि मोडेम जोडण्यासाठी केलेलं. कॉलेजात ८२५१ ची डायग्रॅम मी पेपरापुरती पाठ केली होती आणि बाहेर पडताच विसरलो होतो. पण विचार करा. नेटवर्क कार्ड चालायचं तर इंटरप्ट हवेत, बफर हवेत, अख्खा नेटवर्क स्टॅक हवा. म्हणजे कर्नल हवा, आणि तोच तर थांबलाय. सीरियल पोर्टला यातलं काही लागत नाही. एका रजिस्टरमधला बिट बघायचा, जागा रिकामी असेल तर एक बाइट टाकायचा, नसेल तर परत बघायचं. बस्स! १,१५,२०० बॉडला प्रत्येक बाइटमागे दहा बिट धरले तर सेकंदाला ११,५२० बाइट जातात. रजिस्टरं बघायला खूप झाले.

केबल मात्र नल मोडेम प्रकारची हवी, म्हणजे नऊ पिनांच्या कनेक्टरमध्ये २ आणि ३ नंबरच्या तारा उलटसुलट जोडलेली, आणि ५ नंबरची ग्राउंड. सरळ केबल लावली तर दोघंही एकाच तारेवर बोलतात आणि ऐकत कोणीच नाही. (टीव्हीवरची चर्चा आठवली ना?)

हे तंत्र जीडीबीमध्ये पूर्वीपासून आहे. स्टबचा मूळ कोड एचपीच्या लेक स्टीव्हन्स विभागातल्या ग्लेन एंगल यांचा. सिग्नस कंपनीच्या जिम किंगडन यांनी तो ३८६ साठी बदलला, डेव्हिड ग्रोथ यांनी लिनक्स २.१ वर आणला, तिग्रान ऐवाझियान यांनी २.२.५ मध्ये बसवला. पुढे २००० च्या सुमारास तो अमित काळे यांच्याकडे आला. थ्रेड्स आणि एकापेक्षा जास्त प्रोसेसरचा सपोर्ट, म्हणजे मघाची ती डोकेदुखी, त्यांच्या नावावर आहे. आधी व्हेरिटास, नंतर पुण्यातली लिनसिससॉफ्ट, असा हा केजीडीबीचा प्रवास.

पण अडचण तांत्रिक नव्हतीच. सप्टेंबर २००० मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी साफ सांगून टाकलं की मला डीबगर आवडत नाहीत. डीबगर हाताशी असला की लोक मुळाशी जात नाहीत, लक्षणावर मलमपट्टी करतात; त्यापेक्षा कोड वाचून विचार करा, असं त्यांचं म्हणणं. यात तथ्य नाही असं नाही. नल पॉइंटर सापडला की तिथे एक इफ टाकून बग बंद करणारे महाभाग प्रत्येक टीममध्ये असतात. पण ज्याच्यासमोर दुसऱ्याने लिहिलेला ड्रायव्हर आणि अर्धवट डॉक्युमेंट असलेलं हार्डवेअर आहे, त्याने नुसता विचार करून काय करायचं? माझं मत पॅचवाल्यांच्या बाजूने.

मिप्स, पॉवरपीसीसारख्या काही आर्किटेक्चरचे स्वतःचे स्टब मुख्य कर्नलमध्ये होते. एक्स८६ वाल्यांना मात्र पॅच बाहेरून लावावा लागे. बाहेरचा पॅच सांभाळणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. कर्नलची नवी आवृत्ती आली की पॅच बसत नाही, परत जुळवा, परत तपासा, आणि कौतुक शून्य. काळे, जॉर्ज अँझिंगर, टॉम रिनी, जेसन वेसल अशा अनेकांनी हे वर्षानुवर्षं केलं. शेवटी इंगो मोल्नार यांनी त्याची काटछाट करून हलकी आवृत्ती पुढे केली आणि जुलै २००८ मध्ये, २.६.२६ मध्ये केजीडीबी आत आलं. आठ वर्षं!

आजही कर्नलच्या सोर्समध्ये डीबग कोअरची फाइल उघडा. वरच्या कॉपीराइटच्या ओळींत व्हेरिटास २०००-२००१, अमित एस. काळे २००३-२००४, लिनसिससॉफ्ट २००४-२००६ असं ओळीने लिहिलेलं सापडेल. पुण्याचं आयटी म्हटलं की आपण हिंजवडीच्या ट्रॅफिकवर बोलतो. या ओळींवर कोणी बोलताना मी तरी ऐकलं नाही.

करून बघायचं असेल तर आता दोन मशीनही लागत नाहीत. क्यूईएमयूमध्ये कर्नल चालवा, त्याला खोटा सीरियल पोर्ट द्या आणि बूट करताना केजीडीबीवेट लिहा, कर्नल तुमची वाट बघत थांबेल. खऱ्या तारांची हौस असेल तर रास्पबेरी पाय घ्या. फक्त जुनी नऊ पिनांची केबल थेट त्याच्या पिनांना जोडू नका. आरएस-२३२ मध्ये उणे १५ ते अधिक १५ पर्यंत व्होल्ट असू शकतात, आणि पायला ३.३ च्या वर सोसत नाही. ३.३ व्होल्टचा यूएसबी-सीरियल अडॅप्टर वापरा.