कोशकारांचे दफ्तर आणि एक छोटे क्रियापद

शब्दकोशाचे काम दुर्बोध आणि अप्रचलित शब्दांपाशी अडत असेल, असा सामान्य वाचकाचा समज असतो; परंतु इंग्रजी कोशरचनेचा इतिहास पाहता, ज्यांचा अर्थ लहान मुलासही विचारावा लागत नाही अशा चिमुकल्या क्रियापदांनीच या व्यवसायातील धुरंधरांना अधिक शिणविले, असे दिसून येते. लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांशी १७४६ मध्ये करार करून, गॉफ स्क्वेअरमधील घराच्या माळ्यावर सहा कारकून हाताशी घेऊन बसलेल्या सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत अशा उपद्रवी क्रियापदांची यादीच दिली आहे. तीत ‘टेक’, ‘पुट’, ‘रन’ आणि ‘सेट’ ही आहेत, आणि त्यांपैकी एकट्या ‘टेक’चे १३४ अर्थ त्यांना नोंदवावे लागले.

‘सेट’चाच विस्तार पाहावा. मुळात ‘बसविणे’ एवढाच अर्थ असलेल्या या प्राचीन क्रियापदाच्या आश्रयाने इंग्रज जवाहिऱ्या हिरा कोंदणात जडवितो, वैद्य मोडलेले हाड जागी आणतो, मुद्रक खिळे जुळवितो, गृहिणी मेज मांडते, गलबत प्रस्थान ठेवते, गिलावा आळतो आणि सूर्य अस्तास जातो. ज्या ज्या धंद्याने ते वापरावयास घेतले, त्याने त्यावर आपला शिक्का उमटविला. म्हणून अशा क्रियापदाची कैफियत लिहिणे म्हणजे एका समाजाच्या उद्योगांची हकीकत लिहिणेच होय.

ही हकीकत पुराव्यानिशी लिहावी, हा आग्रह मात्र एकोणिसाव्या शतकातला. मुंबईत मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली त्याच १८५७ साली रिचर्ड ट्रेंच यांनी लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे असे प्रतिपादन केले की, कोशकार हा भाषेचा न्यायाधीश नसून इतिहासकार आहे. त्यातून उद्भवलेल्या संकल्पित कोशाचे संपादकत्व १८७९ मध्ये जेम्स मरे यांच्याकडे आले. मिल हिल येथे लोखंडी पत्र्याची एक खोली उभारून तिच्यात १०२९ कप्प्यांची मांडणी त्यांनी केली, आणि स्वयंसेवक वाचकांनी ग्रंथांतून टिपून पाठविलेल्या दाखल्यांच्या चिठ्ठ्यांची वर्गवारी तेथे सुरू झाली. या कामी त्यांची मुलेही राबत.

पण दफ्तर तपासताना एक विपरीत गोष्ट उघडकीस आली. वाचक विलक्षण शब्द हौसेने टिपीत आणि नित्याचे शब्द नजरेआड करीत. ‘अब्यूजन’ या लुप्तप्राय शब्दाचे सुमारे ५० दाखले जमले, तर रोजच्या वापरातल्या ‘अब्यूज’चे ५ देखील नव्हते. जो शब्द सर्वांच्या तोंडी, त्याचा साक्षीदार कोणीच नाही, अशी ही अवस्था. म्हणून नित्याच्या शब्दांचे पुरावे संपादकांना आणि त्यांच्या साहाय्यकांना स्वतःच धुंडाळावे लागले. पुढे ‘सेट’ हा शब्द मरे यांचे सहसंपादक हेन्री ब्रॅडली यांच्या वाट्याच्या विभागात आला. मरे १९१५ मध्ये निवर्तले, ब्रॅडली १९२३ मध्ये, आणि कोश पूर्णत्वास गेला तो १९२८ मध्ये. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत केवळ ‘सेट’ या क्रियापदाच्या तपशिलास सुमारे ६०,००० शब्द खर्ची पडले.

‘सेट’ची ही नोंद त्या कोशातील सर्वांत मोठी होती; परंतु त्याचे हे अग्रस्थान पुढे ढळले. नव्या संशोधित आवृत्तीसाठी संपादक पीटर गिलिव्हर यांनी ‘रन’ हे क्रियापद हाती घेतले, तेव्हा त्याचे ६४५ अर्थ निघाले. आगगाडी, कारखाना आणि संगणक चालू लागल्यावर जे कार्य पूर्वी पायांचे व प्रवाहांचे होते ते यंत्रांकडे गेले, आणि क्रियापदही त्यांच्यामागोमाग गेले. जॉन्सन यांनी अवघा कोश सुमारे नऊ वर्षांत पुरा केला. गिलिव्हर यांना या एका क्रियापदास नऊ महिने लागले. त्यांचे कसब उणे होते असे नव्हे. मधल्या अडीचशे वर्षांत जग जितके वाढले, तितकीच या क्रियापदाची नोंद वाढली होती.