पाच वर्षांच्या अटीची कुळकथा

सातारा जिल्ह्यातल्या वडूजच्या न्यायालयात घटस्फोटाचा दावा उभा राहिला की दोन्ही घरांत एकच वाक्य बोललं जातं: "पाच वर्षांपर्यंत आईकडं, मग बापाकडं." यातलं पहिलं अर्धं कायद्यात आहे. दुसरं अर्धं तिथं कुठंच नाही.

ते आलं रिवाजातून. माण-खटावच्या शेतकरी घरांत काडीमोड आणि पाट जुनेच. पंच बसत, काडी मोडली जाई, बाई माहेरी जाई. अंगावर पिणारं मूल तिच्याबरोबर. कळतं झालं की सहसा बापाच्या भावकीत परत. मूल म्हणजे जमिनीचा वारस आणि कामाला हात, म्हणून ते बापाच्या कुळाचं. लेकराला आई लागते हे पंचांना कळत होतं. आईचा हक्क मात्र त्यांनी मानला नाही.

वयाची रेघ कायद्यात उमटली ती लंडनमध्ये. लेखिका कॅरोलाइन नॉर्टनचे तिन्ही मुलगे नवऱ्यानं १८३६ मध्ये तिच्यापासून तोडले. इंग्लंडच्या कायद्यानं मूल तेव्हा बापाचंच. तिनं पत्रकं लिहिली, खासदारांना गाठलं, आणि १८३९ च्या कायद्यानं सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा आईला न्यायालयाकडं मागता येऊ लागला. तिच्या पदरात काही पडलं नाही. मुलं स्कॉटलंडला होती. तिथं हा कायदा चालत नव्हता. धाकटा विल्यम १८४२ मध्ये घोड्यावरून पडून वारला.

आपल्याकडं १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानं मुलाचं कल्याण बघा म्हणून सांगितलं, पण लायक बाप हयात असेल तर दुसरा पालक नेमू नका, अशी मेखही मारली. त्या कलमात बापाच्या जोडीला आई आली ती थेट २०१० मध्ये. पाच वर्षांची अट १९५६ च्या हिंदू कायद्यातली: पालक बाप, त्याच्यानंतर आई, पण पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडं. त्याच कायद्याचं तेरावं कलम मुलाचं कल्याण सर्वांत वर ठेवतं. म्हणून सहावं लागलं की मूल आपोआप बापाकडं जात नाही. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 'बापानंतर' याचा अर्थही सैल केला. बाप हयात असूनही मुलाकडं बघत नसेल, तर आई पालक ठरते.

आमच्या भागाची अडचण वेगळी. खटाव, माण, खानापूर, आटपाडीची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पांगलेली. घटस्फोटाचा दावा असेल तर त्यातच ताबा मागता येतो. वेगळा अर्ज करायचा तर मूल नेहमी राहतं तिथल्या न्यायालयात. आई वडूजला आणि मूल बापाच्या दुकानाबरोबर परमुलखात, म्हणजे तिनं तारखेला तिकडं जायचं. नॉर्टनचं स्कॉटलंड ते हेच. बायकांना यात खर्चानंच हरवलं जातं, आणि हा अन्याय आहे.

म्हणून संमतीनं वेगळं होणाऱ्या आईबापांना विनंती आहे. सही करण्याआधी अटींमध्ये लिहून घ्या: शाळा कुठली, उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी कुणाकडं, फोन कधी, प्रवासाचा खर्च कुणाचा. मुलाची भेट कोर्टाच्या आवारात ठेवू नका. आजोळी किंवा बापाकडच्या आजीच्या घरी ठेवा. आणि मूल वाढेल तशा या अटी न्यायालयाकडून बदलून घेता येतात, हेही लक्षात असू द्या.