चाहूल न देणारे पाऊल

‘चाहूल’ हा मराठीतील एक नेमका शब्द आहे. पावलाचा आवाज एवढाच त्याचा अर्थ नाही. कोणी तरी जवळ आले आहे हे स्पष्ट दिसण्या-ऐकण्याच्या आधीच जाणवणे, याला आपण चाहूल म्हणतो. ती लागते नेहमी दुसऱ्याला. ज्याच्यामुळे लागते त्याला बहुधा तिचा पत्ताही नसतो. पायी शिकार करणाऱ्या माणसाची सारी विद्या या एका शब्दाभोवती फिरते. सावजाची चाहूल आपल्याला लागावी आणि आपली त्याला लागू नये, एवढेच त्याला साधायचे असते. शिकारकथांत बंदुकीचे वर्णन पानेच्या पाने येते. पायांतील बुटांना क्वचित एखादे वाक्य मिळते. वस्तुतः गोळी झाडण्याचा क्षण येणार की नाही, हे पुष्कळदा बुटांनी आधीच ठरवलेले असते.

प्रस्तुत लेखात आम्ही या दुर्लक्षित वस्तूचा थोडा इतिहास मांडणार आहोत. क्षेत्र मर्यादित आहे: उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील अरण्ये, आणि त्यातही ईशान्येच्या कोपऱ्यातील मेन हे राज्य. हा प्रदेश निवडण्याचे कारण असे की, तेथे हा प्रश्न केवळ कारागिरांनी नव्हे, तर लेखकांनीही हाताळला. आणि त्यांच्या लिखाणातून जोडा कोणाचा व विद्या कोणाची यांविषयी काही समज रूढ झाले. ते समज तपासणे हा आमचा खरा हेतू आहे.

प्रश्न मुळात परस्परविरोधी मागण्यांचा आहे. पाय कोरडा राहायचा तर त्याच्या आणि जमिनीच्या मध्ये जाड, अभेद्य भिंत हवी. आवाज होऊ द्यायचा नसेल तर ती भिंत जितकी पातळ तितकी बरी. कारण पाचोळ्याखाली वाळकी काटकी आहे, हे शरीराचा भार तिच्यावर पडण्यापूर्वी तळपायाला कळले पाहिजे. जाणता शिकारी पाऊल एकदम टेकवीत नाही. आधी पावलाची बाहेरची कड जमिनीला लावतो, खाली काय आहे ते चाचपतो, आणि मगच हळूहळू त्या पायावर भार घेतो. ताठ, जाड तळाच्या बुटात ही चाचपणी होत नाही. काटकी मोडल्यावरच ती तेथे होती हे कळते. टिकाऊपणा ही तिसरी मागणी. ती जाडीच्या बाजूने उभी राहते, म्हणजे शांततेच्या विरुद्ध.

पूर्वेकडील अरण्यांतील मूलनिवासी समाजांनी शांततेची बाजू घेतली होती. त्यांचा ‘मोकॅसिन’ म्हणजे हरणाच्या कमावलेल्या मऊ कातड्याचा, वेगळा तळ न लावलेला जोडा. हा शब्द अल्गॉन्क्वियन भाषाकुलातून सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत आला. कातडे धुरावर धरलेले असे. त्यामुळे ते भिजून वाळले तरी पुन्हा मऊ राही. पण भिजायचे ते भिजेच. युरोपीय वसाहतकारांनी हा जोडा उचलला आणि त्याबरोबर ओल्या पायांचे दुखणेही उचलले. जोसेफ डॉड्रिज हा धर्मोपदेशक व वैद्य व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हेनिया यांच्या पश्चिम सरहद्दीवर लहानाचा मोठा झाला. तेथील जीवनाची टिपणे त्याने १८२४ मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्यांत मोकॅसिनचे फार साधे वर्णन आहे. एकाच कातड्याचा, पायाच्या वरच्या बाजूला चुण्या घालून शिवलेला जोडा. थंडीत आत हरणाचे केस किंवा वाळकी पाने भरायची. पावसाळी हवेत मात्र तो घालणे म्हणजे अनवाणी चालण्याचाच एक सभ्य प्रकार, असे लोक म्हणत, हे डॉड्रिज नमूद करतो. संधिवाताने गांजलेले हे सरहद्दीवरचे लोक रात्री शेकोटीकडे पाय करून झोपत, हेही तो विसरत नाही.

अशा प्रदेशांत ‘शूपॅक’ नावाचा अधिक भक्कम जोडाही रूढ झाला. शब्द ऐकताच तो इंग्रजी वाटतो. प्रत्यक्षात तो लेनापी लोकांच्या भाषेतील, जोड्यासाठी असलेल्या शब्दाचे बदललेले रूप आहे. इंग्रजी कानांना त्याच्या पहिल्या अक्षरांत आपला ‘शू’ ऐकू आला आणि मूळ शब्द त्याखाली झाकला गेला. भाषेच्या अभ्यासकांना ही प्रक्रिया अपरिचित नाही. वस्तू उसनी घ्यायची, नावही उसने घ्यायचे, आणि मग ते इतके घरचे करून टाकायचे की उसनवारीची आठवणच राहू नये. या लेखात ही गोष्ट आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

डॉड्रिजची टिपणे प्रसिद्ध झाली त्याच सुमारास जेम्स फेनिमोर कूपर आपल्या ‘लेदरस्टॉकिंग’ कादंबऱ्या लिहू लागला होता. १८२३ ते १८४१ या काळात त्या पाच आल्या. त्यांनी मोकॅसिनला जगभर नेले. पण त्या प्रवासात जोड्याची शांतता हे कौशल्य न राहता एक गूढ बनले. वनात वाढलेल्या माणसाच्या रक्तातच ती असते, असे कूपरचा वाचक समजू लागला. पुढे १८९५ मध्ये मार्क ट्वेनने कूपरच्या वाङ्मयीन अपराधांवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात या साऱ्याची यथेच्छ टर उडवली. शांततेची नितांत गरज असते नेमक्या त्याच वेळी कूपरचे कोणी ना कोणी पात्र वाळक्या काटकीवर पाय देते. पाय देण्याजोग्या शंभर गोष्टी आसपास असल्या तरी त्याला काटकीच सापडते, हा ट्वेनचा आक्षेप. दुसरा आक्षेप आमच्या विषयाला अधिक जवळचा आहे. एका प्रसंगी ओढ्याचा प्रवाह वळवला जातो आणि त्याच्या जुन्या पात्रातील चिखलात मोकॅसिनचे ठसे जसेच्या तसे सापडतात. वाहत्या पाण्याने ते पुसले कसे गेले नाहीत, असे ट्वेन विचारतो.

ट्वेनचे म्हणणे कादंबरीपुरते खरे आहे. कूपरच्या अरण्यात पाणी मोकॅसिनचे काहीच करीत नाही: ठसा पुसत नाही, कातडे भिजवत नाही. डॉड्रिजच्या सरहद्दीवर पाणीच सर्व काही करते. तरीही ट्वेनच्या विनोदात एक उणीव आम्हांला जाणवते. काटकी नेहमी का मोडते असे तो विचारतो. ती न मोडता माणूस कसा चालतो, हे विचारण्याचे त्याला कारण पडत नाही. कूपरने कौशल्याचे गूढ केले, ट्वेनने त्या गूढाचा विनोद केला. कौशल्य दोघांच्या मधून निसटले.

ते ज्याने पाहिले तो लेखक हेन्री डेव्हिड थोरो. सप्टेंबर १८५३ मध्ये तो मेनच्या अरण्यात गेला. मूसच्या शिकारीसाठी निघालेल्या या मंडळींबरोबर जो एटिऑन हा पेनॉब्स्कॉट वाटाड्या होता. या प्रवासावरील ‘चेसनकुक’ हा लेख १८५८ मध्ये मासिकात आणि थोरोच्या मृत्यूनंतर, १८६४ मध्ये, ‘द मेन वूड्स’ या पुस्तकात आला. झुडपांतून जाताना एटिऑन दर पावलासाठी जणू जागा शोधत होता, असे थोरो टिपतो. गोरा माणूस असा चालत नाही, अशी पुस्तीही तो जोडतो, आणि तेथे कूपरचा काळ त्याच्यातूनही बोलतो. परंतु मुख्य निरीक्षण कृतीचे आहे, रक्ताचे नाही. जागा शोधणे हे शिकता येणारे काम आहे.

याला पूरक असा एक तपशील त्याच पुस्तकात आहे. १८५७ च्या प्रवासात थोरोचा वाटाड्या जो पॉलिस हा होता. तोही पेनॉब्स्कॉट, आणि नावाजलेला शिकारी. थोरोने त्याच्या पोशाखाची नोंद केली आहे. पायांत निळे लोकरी मोजे आणि गाईच्या चामड्याचे बूट. मोकॅसिन नाही. कादंबरीचे वाचक ज्या जोड्यात वनवासी माणसाचा आत्मा शोधत होते, तो जोडा प्रत्यक्षातील पॉलिसने त्या प्रवासात बाजूला ठेवला होता. मेनच्या दलदलीत, नावेतून चढ-उतार करताना, त्याला जे सोयीचे वाटले ते त्याने घातले. आम्हांला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. विद्या जोड्यात नसून पावलात असते. जोड्याने तिच्या आड येऊ नये, एवढीच अपेक्षा.

पाण्याचे उत्तर आले ते दुसऱ्याच अरण्यातून. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील लोक झाडाचा चीक पायाच्या आकाराच्या मातीच्या साच्यावर थरावर थर चढवीत, धुरावर वाळवीत आणि आतली माती फोडून काढीत. पाणी न शिरणारा, शिवण नसलेला जोडा तयार होई. १८२० च्या दशकात असे जोडे ब्राझीलमधील पारा बंदरातून बॉस्टनला येऊ लागले. उन्हाळ्यात ते चिकट होत आणि हिवाळ्यात कडक. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर याला रबरात गंधक मिसळून तापवल्यास हा दोष जातो हे आढळले. १८४४ मध्ये त्याने त्याचे पेटंट घेतले, आणि १८६० मध्ये तो कर्जबाजारी अवस्थेत मरण पावला. रबराने पाय कोरडा ठेवला, पण घामही आतच कोंडला. चामडे घाम बाहेर जाऊ देई, पण पाणी आत घेई.

या दोहोंची सांगड लिऑन लिऑनवुड बीन याने घातली. मेनमधील हा शिकारी दुकानदार ओल्या, दुखऱ्या पायांनी शिकारीहून परतला आणि १९११ च्या सुमारास त्याने गावातील मोच्याकडून रबरी जोड्याच्या खालच्या भागावर चामड्याचा वरचा भाग शिवून घेतला. ‘मेन हंटिंग शू’ असे त्याने या बुटाला नाव दिले. १९१२ मध्ये, मेनमध्ये शिकारीचा परवाना घेतलेल्या परराज्यांतील लोकांची यादी मिळवून, त्याने त्यांना एक छापील पत्रक पाठवले. पाय नीट सजवलेले नसतील तर हरणाच्या किंवा मूसच्या शिकारीत यशाची अपेक्षा करू नये, असे ते बजावते. आणि हा बूट मोकॅसिनइतका हलका असून भारी शिकारी बुटासारखे संरक्षण देतो, अशी ग्वाही देते. डॉड्रिजच्या टिपणांतील आणि थोरोच्या प्रवासातील तोच जुना पेच या जाहिरातीत एका वाक्यात सोडवलेला आहे. कंपनीच्या परंपरेनुसार पहिल्या १०० जोडांपैकी ९० परत आले, कारण रबर आणि चामडे जेथे शिवले होते तेथेच ते फाटले. बीनने पैसे परत केले, कर्ज काढले आणि अधिक चांगले रबर मिळवून बूट सुधारला. हा बूट आजही मेनमध्येच तयार होतो. आणि अशा धर्तीच्या बुटांना अमेरिकेत सर्रास ‘पॅक बूट’ म्हणतात. लेनापी शब्दाचा अर्धा तुकडा अजून त्यांना चिकटून आहे.

१९१२ हेच वर्ष आणखी एका कागदाचे आहे. त्या वर्षी ब्रिटिश सरकारने रॉजर केसमेंट याचा पुतुमायो खोऱ्याविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. लंडनमध्ये नोंदलेली एक कंपनी रबर गोळा करण्यासाठी हुइटोटो व अन्य मूलनिवासी लोकांना कसे चाबकाने फोडून काढत होती, उपाशी मारत होती, ठार करत होती, याची साक्ष त्यात आहे. बीनच्या बुटाचा आणि या अत्याचारांचा संबंध जोडण्याचा आमचा हेतू नाही. परंतु दोन्ही कागद एकाच वर्षी छापले गेले हे साहित्याच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावे असे आम्हांला वाटते. एका कागदात मोकॅसिन हे हलकेपणाचे माप होऊन उरते. दुसऱ्यात, ज्या खोऱ्यातील लोकांनी रबरी जोडा जगाला दाखवला, तेथील माणसांच्या पाठीवरचे वळ मोजलेले आहेत.

आपल्याकडील वाचकाला हा इतिहास सर्वस्वी परका वाटू नये. कुमाऊँच्या टेकड्यांत नरभक्षकांच्या मागावर पायी फिरणाऱ्या जिम कॉर्बेटच्या कथांतही रबरी तळाचे बूट येतात. वाचक वाघाकडे पाहत असतो म्हणून ते त्याच्या नजरेतून सुटतात, इतकेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशात शिकारीच्या हौसेला पायबंद घातला. पण पक्षी पाहणारा, प्राण्यांची छायाचित्रे घेणारा, त्यांच्या नोंदी ठेवणारा माणूस आजही तोच प्रश्न घेऊन दुकानात जातो. १९६९ मध्ये रॉबर्ट गोर याने शोधलेल्या ताणलेल्या टेफ्लॉनच्या पापुद्र्यामुळे पाणी अडवून वाफ सोडणारे बूट पुढे शक्य झाले. तरी जुना पेच संपलेला नाही. पाणी अडवणारा बूट ताठ असेल तर तो बोलतोच. म्हणून तो हातात घेऊन तळ वाकवून पाहावा, घोट्याजवळचे चामडे चालताना करकरते का ते ऐकावे, आणि लाकडी फरशीवर चार पावले सावकाश टाकून खालची फट पायाला जाणवते का ते तपासावे.

त्यापुढचे काम दुकानात मिळत नाही. एटिऑनने केले तसे दर पावलासाठी जागा शोधावी लागते, आणि ती शोधायला वेळ लागतो. ही विद्या कोणाची होती हे सांगणारे दोन शब्द, ‘मोकॅसिन’ आणि ‘पॅक’, अजून भाषेत आहेत. वर्गात कूपर किंवा थोरो शिकवताना त्यांच्यापाशी क्षणभर थांबावे, एवढीच आमची विनंती.