पारा ४५ अंश, पण यूव्ही इंडेक्स किती? उन्हात त्वचेतल्या प्रथिनांचं काय होतं?

मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांवर गेला की स्क्रीनशॉट सगळीकडे फिरतात. त्याच वेदर ॲपमध्ये थोडं खाली ‘यूव्ही इंडेक्स’ हा आकडाही असतो. गडचिरोलीच्या जंगलात तेंदूपाने तोडणाऱ्यांनी आणि दिवसभर बाईकवर फिरणाऱ्यांनी तोही बघायला हवा.

दोन्हींत फरक काय?
तापमान म्हणजे हवा किती तापली ते. अतिनील म्हणजेच यूव्ही किरण दिसत नाहीत आणि त्यांची उष्णताही जाणवत नाही. पारा दुपारी तीन-चारच्या सुमारास सर्वांत वर असतो. यूव्ही मात्र बाराच्या आसपास. म्हणून ‘अजून तापलं नाही’ म्हणून सकाळी अकराला निर्धास्त राहू नका.

त्वचेत नेमकं काय होतं?
यूव्हीए किरण (३१५ ते ४०० नॅनोमीटर) त्वचेच्या आतल्या थरापर्यंत पोचतात. प्रथिनं स्वतः ते फारसे शोषत नाहीत. मधले दलाल शोषतात: रायबोफ्लेविन (जीवनसत्त्व ब-२), पॉर्फिरिन यांसारखी आपल्याच शरीरातली संयुगं. मिळालेली ऊर्जा ती शेजारच्या ऑक्सिजनला देतात आणि ‘सिंगलेट ऑक्सिजन’ तयार होतो. हा ट्रिप्टोफॅन, हिस्टिडीनसारख्या अमिनो आम्लांवर तुटून पडतो. प्रथिनाचा आकार बिघडतो, काही प्रथिनं एकमेकांना चिकटतात. दलाल मात्र बऱ्याचदा पुन्हा पहिल्यासारखा होऊन पुढचा किरण शोषायला तयार! वर्षानुवर्षं हे चाललं की त्वचा सैल पडते, सुरकुत्या लवकर येतात.

डोळ्याच्या भिंगातली प्रथिनं तर जन्मभर बदलली जात नाहीत. तिथलं नुकसान साठत जातं. मोतीबिंदूचं हे एक कारण आहे.

बाहेरून येणारे दलाल
बावचीत सोरॅलेन असतं. पांढऱ्या डागांवर बावचीचं तेल स्वतःच लावून उन्हात बसलं, तर त्वचा भाजून फोड येऊ शकतात. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांनीही काहींना ऊन बाधतं. गोळी सुरू असेल तर डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका.

काय कराल?
- इंडेक्स ३ किंवा जास्त: टोपी किंवा दुपट्टा, पूर्ण बाह्यांचे कपडे, यूव्ही अडवणारा चष्मा.
- ८ किंवा जास्त: शक्यतो सकाळी लवकर काम उरका, दुपारी सावलीत बसा.
- सनस्क्रीन घेताना ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलंय का बघा. एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीबद्दल सांगतो.
- सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन मदत करतं, पण पूर्ण संरक्षण देत नाही.

उद्या घराबाहेर पडताना ॲपमधले दोन्ही आकडे बघा, आणि घरातलं कुणी पाने तोडायला जात असेल तर त्यांनाही सांगा.