हर्ड : सुट्या भागांची कार्यप्रणाली

१/ १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या मुक्त कार्यप्रणालीचा संकल्प जाहीर केला. १९९० पर्यंत संकलक व संपादक सिद्ध झाले होते. उणीव होती ती गाभ्याची.

२/ त्यासाठी ‘हर्ड’ आरंभले गेले. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘माख’ या सूक्ष्मगाभ्यावर फाइल, प्रक्रिया आणि ओळख-पडताळणी यांचे स्वतंत्र सर्व्हर. एक कोसळला तरी बाकीचे तगावेत, हा हेतू.

३/ या भागांना जोडणारा दुवा म्हणजे सी लायब्ररी. संवादाचे करार आधी लिहिले जात. ‘मिग’ हे साधन त्यांतून सी संहिता निर्माण करी आणि ती लायब्ररीत संकलित होई. त्यामुळे फाइल उघडण्याची विनंती म्हणजे सर्व्हरला धाडलेला निरोपच.

४/ पण परस्परांत निरोप धाडणाऱ्या भागांतील दोष शोधणे जिकिरीचे ठरले. १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांचा एकसंध लिनक्स आला आणि जग तिकडे वळले. ग्नूची सी लायब्ररी मात्र आजही अनेक लिनक्स वितरणांचा आधार आहे.