‘शहाणा’ शब्दाचा अर्थविकास आणि साडेतीन शहाणे

‘शहाणा’ हा शब्द संस्कृत ‘सज्ञान’पासून आला, ही व्युत्पत्ती सामान्यतः स्वीकारली गेली आहे. हिंदीतील ‘सयाना’ त्याचाच भाऊबंद. परंतु हिंदीने त्यात वयात येण्याचा अर्थही राखला. मराठीत ते काम तत्सम ‘सज्ञान’कडे राहिले आणि शहाण्याचे वयाशी फारसे नाते उरले नाही. विद्येशी तरी कितपत उरले? समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाबरोबर पढतमूर्खासाठीही स्वतंत्र समास योजला. सतराव्या शतकापर्यंत पांडित्य आणि शहाणपण यांत अंतर पडले होते, असे त्यावरून म्हणता येते.

अठराव्या शतकातील राजकारणाने या शब्दाला कोणता आशय दिला, हे ‘साडेतीन शहाणे’ या उक्तीवरून कळते. सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे. नाना फडणीस अर्धे. नाना मुत्सद्दी खरे, पण लढवय्ये नव्हते, म्हणून अर्धे, असे परंपरा सांगते. म्हणजे शहाणपणात मसलतीबरोबर तलवारही मोजली जात होती. विठ्ठल सुंदर तर पेशव्यांच्या शत्रुपक्षातला, १७६३ मध्ये राक्षसभुवनच्या लढाईत पडलेला. तरी त्याचे शहाणपण पुरतेच धरले गेले. कोणाची चाकरी केली, हा येथे निकषच नव्हता. पुढे सखारामबापूंना नानांनीच कैदेत टाकले व १७८१ मध्ये बापूंचा अंतही कैदेतच झाला. उक्तीतला अपूर्णांक मात्र कोणी दुरुस्त केला नाही.