समदुःखी

जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यात कुठल्याही घरी गेलो की चहा येईपर्यंत एक प्रश्न हमखास येतो, "तुम्ही स्वतः पीत होतात का?" मी "हो" म्हणतो. किती, केव्हापासून, घरातलं काय काय विकलं, हेही सांगतो. मग आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस कूस बदलतो. डॉक्टर, सरपंच, मेव्हणा सगळे येऊन गेलेले असतात. त्यांना पाठ दाखवणारा माणूस माझ्याकडे तोंड करतो, कारण त्याला जे लपवायचं असतं ते मला आधीच माहीत असतं.

या कामाला इंग्रजीत 'पिअर सपोर्ट' म्हणतात. मराठीत धड नाव नाही. कागदावर मी 'कार्यकर्ता' असतो, गावात 'दारू सोडवणारा'. दोन्ही चूक. दारू मी सोडवत नाही. ज्याची त्यानंच सोडायची असते. आपल्याकडे 'समदुःखी' असा एक जुना शब्द आहे. मला तो जवळचा वाटतो.

सहा वर्षं कोरडी काढल्यावर गेल्या वर्षी टोमॅटोच्या हंगामात मी नारायणगावात प्यालो. एकच रात्र. भाव पडला म्हणून प्यालो, असं मी दुसऱ्या दिवशी बायकोला सांगितलं. ते खोटं होतं. त्या दिवशी भाव चांगला मिळाला होता.

घोडेगावला दर गुरुवारी आमची बैठक असते. दहा-बारा जण येतात. त्या गुरुवारी मी ताप आल्याचं सांगून गेलो नाही, पुढच्या गुरुवारीही नाही. ज्याची लायकीच मुळी 'मी सोडली' एवढीच आहे, तो प्याल्यावर त्याच्याकडे उरतं काय? हा प्रश्न कुणाला विचारायची सोय नव्हती. म्हणून मी वाचायला लागलो. आपल्यासारखी माणसं आधी कोण होती, ती पडली तेव्हा काय झालं, एवढंच मला शोधायचं होतं.

सुरुवात घरापासून केली. माझे आजोबा माळकरी होते. आमच्या भागात माळेला फार मान. ओतूरला मांडवी नदीकाठी बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांचे गुरू ते हेच, अशी परंपरा सांगते. माळ घातली की मांस-मद्य सुटतं, आणि ते एकट्यानं सोडायचं नसतं. एकादशी असते, भजन असतं, दिंडीत मागेपुढे चालणारी माणसं असतात. चारचौघांत घेतलेला नेम चारचौघांच्या सोबतीनं पाळायचा. आमच्या गुरुवारच्या बैठकीचं निम्मं शास्त्र त्यात आलं. पण लहानपणी पाहिलेला एक माणूसही मला आठवतो. त्यानं माळ घातली, दोन वर्षांनी एका लग्नात प्याला, आणि घरी येऊन माळ खुंटीला अडकवली. भजनाला येऊ नकोस असं त्याला कुणीच म्हणालं नाही. तोच पुन्हा गेला नाही.

समाजसुधारकांचं लक्ष बहुतेक बाटलीवर राहिलं, आणि त्यालाही कारण होतं. पुण्याच्या नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुल्यांनी १८८० मध्ये शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांना विरोध केला होता. १९४९ मध्ये मुंबई दारूबंदी कायदा आला. पुढे गावोगावच्या बायकांनी मतदान करून 'बाटली आडवी' केली. या बायकांचं ऋण मी मानतो. माझी आई त्यांच्यातच बसली असती. पण दुकान बंद झालं तरी पिणारा घरातच असतो. त्याचं काय करायचं, हे कायद्यात सापडत नाही.

ते पहिल्यांदा सापडलं दूर पॅरिसमध्ये, आणि तेही दारूच्या नव्हे, वेडाच्या संदर्भात. तिथल्या बिसेत्र या रुग्णालयात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात झां-बाप्तिस्त प्युसँ नावाचा माणूस गंडमाळेवर उपचार घ्यायला आला. बरा झाल्यावर तो तिथंच कामाला राहिला आणि पुढे मनोरुग्णांच्या विभागाचा प्रमुख झाला. डॉक्टर तो नव्हता. आपल्या विभागातले सेवक तो शक्यतो बऱ्या झालेल्या रुग्णांतूनच निवडी. त्याचं म्हणणं साधं होतं : जे स्वतः त्यातून गेलेत ते मारहाण करत नाहीत. १७९३ मध्ये फिलिप पिनेल तिथं डॉक्टर म्हणून आला आणि बरंच काही या प्युसँकडून शिकला. १७९७ मध्ये प्युसँनं तिथल्या रुग्णांच्या बेड्या काढल्या. पुढच्या चित्रांत आणि गोष्टींत मात्र बेड्या काढणारा म्हणून पिनेलच दिसत राहिला. आमच्या धंद्याचा इतिहास असा श्रेय हरवण्यापासून सुरू होतो, याचं मला हसू आलं.

दारूच्या बाबतीत ही गोष्ट मला १९३५ मध्ये सापडली. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल. काही महिन्यांपूर्वीच दारू सोडलेली. ओहायो राज्यातल्या अॅक्रन गावी तो धंद्याच्या कामाला गेला आणि काम फिसकटलं. हॉटेलच्या दिवाणखान्यात एका बाजूला बारचा गलबला, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्यानं फोन उचलला, चर्चच्या लोकांना विचारत विचारत गावातल्या एका दारुड्याचा पत्ता मिळवला. उपदेश करायला नव्हे. दुसऱ्या पिणाऱ्याशी बोललो नाही तर आपणच पिऊ, हे त्याला कळलं होतं म्हणून. तो दुसरा माणूस म्हणजे डॉ. बॉब स्मिथ, पेशानं सर्जन. मे महिन्यात दोघांची भेट झाली आणि ते तासन्‌तास बोलत बसले. यातून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' उभी राहिली, हे मला ठाऊक होतं. आमच्याकडेही तिच्या बैठका होतात. भारतात ती १९५७ मध्ये दिल्लीत सुरू झाली.

ठाऊक नव्हतं ते पुढचं. त्या भेटीनंतर काही आठवड्यांनी डॉ. बॉब वैद्यकीय परिषदेसाठी अटलांटिक सिटीला गेले आणि वाटेपासूनच प्यायला लागले. परत आले तेव्हा त्यांचे हाल होते. बिल आणि बॉबच्या पत्नीनं त्यांना सावरलं. त्यांचा शेवटचा प्याला १० जून १९३५ चा. ही संस्था आपला स्थापना दिवस म्हणून तीच तारीख मानते. दोघं भेटले ती मे महिन्यातली तारीख नव्हे. एक जण पडला आणि पुन्हा उठला, ती.

हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ ओट्यावर बसून होतो.

हे सगळं परदेशातलं. पण याची आपल्याकडची वाट माझ्याच तालुक्याजवळून जाते. डॉ. अनिल अवचट १९४४ साली ओतूरला जन्मले. ऐंशीच्या दशकात पुण्या-मुंबईत ब्राऊन शुगर पसरली, तेव्हा त्यांनी त्या मुलांवर लिहिलं. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं. अवचट पतिपत्नी व्यसनी नव्हते. त्यांचं मोठेपण मला वेगळ्याच गोष्टीत दिसतं. बरे झालेले रुग्ण तिथं कार्यकर्ते झाले, समुपदेशक झाले. काल ज्याला आणून सोडलं होतं तो आज नव्या माणसाला बिछाना दाखवतो, हे तिथं नेहमीचं दृश्य झालं. प्युसँनं जे केलं होतं तेच, दोनशे वर्षांनी, येरवड्यात. डॉ. अनिता १९९७ मध्ये गेल्या, अनिल अवचट २०२२ मध्ये. काम चालू आहे.

त्याच सुमारास ही समज दारूपलीकडे गेली. कॅल्गरीत प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी १९९७ मध्ये पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' काढली. एकाच दुखण्यानं गांजलेली कुटुंबं तिथं एकमेकांशी बोलू लागली. भार्गवी दवर यांच्या आईनं मनोरुग्णालयं सोसली होती. त्या अनुभवातून त्यांनी पुण्यात 'बापू ट्रस्ट' उभा केला. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' या उपक्रमात गावातलेच स्त्री-पुरुष शेजाऱ्यांच्या मनाची विचारपूस करायला शिकले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तर पुनर्विलोकन मंडळांवर स्वतः आजार भोगलेल्यांना किंवा त्यांची काळजी घेणाऱ्यांना जागा ठेवली. बेड्या काढूनही ज्याचं नाव मागं पडलं, त्याच्या जातीच्या माणसांना आता कायद्यात खुर्ची आहे.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. समदुःखी म्हणजे डॉक्टर नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर हातपाय कापतात, फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. अशा वेळी मी बोलत बसत नाही. गाडी शोधतो आणि मंचरचं उपजिल्हा रुग्णालय गाठतो. माझं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं. हिरड्याच्या दिवसांत हातात पैसे आले की संध्याकाळी त्याच्या दारात जाऊन बसणं, हेही त्यातलंच.

तिसऱ्या गुरुवारी मी घोडेगावला गेलो. मांडी घातली आणि सांगितलं, ताप नव्हता, प्यालो होतो. नारायणगावात. भाव चांगला मिळाला होता. कुणी काही बोललं नाही. मग वयानं सगळ्यांत मोठे असलेले एक तात्या म्हणाले, "आता कितवा दिवस?"

"अठरावा."

"मग अठरा म्हण. सहा वर्षं कुठं पळून जात न्हाईत, पण मोजायचं अठरापासनं."

दोघं जण त्यानंतर यायचे बंद झाले. ते माझ्यामुळे, हे मला माहीत आहे. त्यांतल्या एकाच्या घरी मी अजून जातो, तो अजून भिंतीकडे तोंड करून असतो. दुसरीकडे, चार महिने गायब असलेला एक पोरगा कुणाकडून तरी ऐकून परत आला. दाराजवळ बसला, चप्पल हातातच. त्याची पाळी आली तेव्हा म्हणाला, "दादा प्याले आनि परत आले म्हनं. म्हणून आलो."

घरी अजून तो प्रश्न येतो, तुम्ही स्वतः पीत होतात का. मी "हो" म्हणतो. शेवटची कधी, असं विचारलं तर आता मी गेल्या वर्षीची तारीख सांगतो.